पक्ष्यांची नाणी कशी जमवावीत: नव्या संग्राहकांसाठी मार्गदर्शन

पक्ष्यांची चित्रे असलेली परदेशी नाणी जमवण्याचा छंद थोड्या खर्चात सुरू करता येतो, आणि ज्यांना पक्षिनिरीक्षणाची आवड आहे त्यांना तो लवकर लागतो. अडचण नाण्यांच्या तुटवड्याची नसून विपुलतेची आहे. कुठल्या ना कुठल्या काळात एखादा पक्षी नाण्यावर आणला नाही असे देश शोधूनच काढावे लागतील, आणि केवळ संग्राहकांना विकण्यासाठी काढलेली रंगीत, चकचकीत नाणी तर मोजण्यापलीकडची आहेत. जे दिसेल ते घेत गेल्यास थोड्याच काळात हाती डबाभर धातू जमतो, संग्रह उभा राहत नाही. म्हणून या लेखातील सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: जे नाणे लोकांच्या हातांतून खरोखर फिरले ते घ्यावे, त्यावरील पक्षी जातीपर्यंत ओळखावा आणि ती ओळख लिहून ठेवावी.

पहिली पायरी: कुंपण घालून घ्या

खरेदीपूर्वी आपल्या संग्रहात काय बसते आणि काय बसत नाही हे कागदावर लिहून काढावे. नाण्यांवरचे पक्षी साधारण तीन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात निसर्गातील खरे पक्षी येतात. उदाहरणार्थ, ऑस्ट्रेलियाच्या दहा सेंटच्या नाण्यावर १९६६ पासून असलेला, वीणेच्या आकाराचे शेपूट मिरवणारा लायरबर्ड. दुसऱ्या प्रकारात राजचिन्हांतील पक्षी येतात. जर्मनीच्या एक व दोन युरोंवरील गरुड किंवा मेक्सिकोच्या नाण्यांवरील, निवडुंगावर बसून साप खाणारा गरुड ही त्याची उदाहरणे. तिसरा प्रकार पुराणातील पक्ष्यांचा. इंडोनेशिया व थायलंडच्या नाण्यांवरील गरुड आणि जपानच्या १९५७-५८ मधील चांदीच्या शंभर येनवरील फिनिक्स त्यात मोडतात.

नवख्या माणसाने सुरुवातीला फक्त पहिला प्रकार हाती घ्यावा असे माझे मत आहे. राजचिन्हातील गरुड एकदा संग्रहात शिरला की पोलंड, अल्बेनिया, सर्बिया, रशिया, मेक्सिको आणि अमेरिका यांची शेकडो नाणी दारात उभी राहतात आणि त्यांपैकी बहुतेकांत पक्षी म्हणून पाहण्यासारखे फारसे काही नसते. याचा अर्थ ती नाणी नीरस आहेत असा मात्र नाही. पोलंडच्या नाण्यावरील गरुडाच्या डोक्यावर मुकुट आहे की नाही एवढे पाहिले तरी त्या देशाची राजवट कळते, कारण साम्यवादी काळात, म्हणजे १९४९ ते १९८९ या वर्षांच्या नाण्यांवर, तो गरुड बोडका आहे आणि १९९० पासून मुकुट परत आलेला आहे. पण हा विषय इतिहासाचा आहे आणि त्यासाठी पुढे स्वतंत्र अल्बम करता येईल.

दुसरे कुंपण त्याहून महत्त्वाचे आहे. चलनासाठी पाडलेले नाणे आणि केवळ विक्रीसाठी पाडलेले नाणे यांत फरक करायला शिकावे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील फ्रँकलिन मिंट या खासगी टांकसाळीने ब्रिटिश व्हर्जिन बेटे आणि बेलीझ यांच्यासाठी पक्ष्यांच्या नाण्यांचे देखणे संच काढले. त्यांतील चमकदार प्रूफ संच, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारख्या झिलईने पाडलेली नाणी, पेटीतच विकले गेले आणि बहुतांशी पेटीतच राहिले. त्यानंतर अनेक छोट्या देशांच्या नावाने अशी रंगीत, मुलामा दिलेली नाणी निघत आली आहेत. ती खोटी नाहीत, पण त्या देशातील दुकानदाराने ती कधी पाहिलेलीही नसतात आणि पुन्हा विकायला गेल्यास मूळ किंमत सहसा मिळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पर्थ मिंटचे १९९० पासून निघणारे चांदीचे कुकाबुरा नाणे हा आणखी वेगळा प्रकार आहे: ती मुळात चांदीतील गुंतवणूक असून तिच्यावर दरवर्षी नव्या रूपात खंड्याचा हा थोराड भाऊबंद बसवलेला असतो. घ्यायचे तर चांदीचा त्या दिवसाचा भाव पाहूनच घ्यावे.

दुसरी पायरी: पहिली नाणी कोणती घ्यावीत

आरंभ इंडोनेशियापासून करावा असे मी सुचवीन, कारण ही नाणी स्वस्त आहेत, भारतात सहज मिळतात आणि त्यांवरील पक्षी नेटके कोरलेले आहेत. १९७० च्या ॲल्युमिनियमच्या पाच रुपियाहवर आपल्याकडे तारेवर बसलेला दिसतो तो कोतवाल आहे. १९७१ च्या पंचवीस रुपियाहवर डोक्यावर पिसांचा पंखा असलेले व्हिक्टोरिया मुकुटधारी कबूतर आणि पन्नास रुपियाहवर स्वर्गीय पक्षी, म्हणजे बर्ड ऑफ पॅरडाइज, आहे. पुढे १९९९ मध्ये पन्नास रुपियाहवर काळ्या मानेचा हळद्या व शंभर रुपियाहवर काळा काकाकुवा आला, तर २००३ च्या दोनशे रुपियाहवर बाली मैना आली. या शेवटच्या तिन्ही नाण्यांच्या दुसऱ्या बाजूला राष्ट्रचिन्हातील गरुड असून त्या चिन्हातील पिसांची संख्याही ठरलेली आहे: प्रत्येक पंखात १७, शेपटीत ८, ढालीखाली १९ आणि मानेवर ४५. हे आकडे ओळीने वाचले की १७ ऑगस्ट १९४५ ही त्यांच्या स्वातंत्र्याच्या घोषणेची तारीख मिळते. अर्थात एवढ्याशा नाण्यावर ती पिसे भिंगातूनही मोजता येतीलच असे नाही.

त्यानंतर युरोची नाणी घ्यावीत, कारण युरोपात जाऊन आलेल्या नातेवाइकांच्या पाकिटात ती बहुधा उरलेली असतात. ग्रीसच्या एक युरोवर प्राचीन अथेन्सच्या नाण्यावरचे घुबड जसेच्या तसे घेतले आहे, फिनलंडच्या एक युरोवर सरोवरावरून उडणारे दोन हंस आहेत आणि स्लोव्हेनियाच्या एक सेंटवर करकोचा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या भाचे-पुतण्यांना पाव डॉलरची राज्यमालिका तपासायला सांगावे. त्या मालिकेत साउथ कॅरोलायनाच्या २००० च्या नाण्यावर कॅरोलायना रेन, लुइझियानाच्या २००२ च्या नाण्यावर पेलिकन, आर्कान्साच्या २००३ च्या नाण्यावर मॅलार्ड बदक, मिनेसोटाच्या २००५ च्या नाण्यावर लून आणि आयडाहोच्या २००७ च्या नाण्यावर बहिरी ससाणा आहे. ती खुर्द्यात अजूनही सापडतात, त्यामुळे दर्शनी मूल्यापेक्षा अधिक काही मोजावे लागत नाही.

तिसऱ्या टप्प्यावर ब्रिटिश परंपरेतील जुनी तांब्या-काशाची नाणी येतात आणि येथे विषय खरा रंगू लागतो. ब्रिटनच्या फार्दिंगवर, म्हणजे पेनीच्या चौथाईवर, १९३७ ते १९५६ या काळात रेन हा त्यांच्याकडचा इवलासा पक्षी होता. सर्वांत कमी मूल्याच्या नाण्याला सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक देण्याची ही योजना हॅरॉल्ड विल्सन पार्कर या शिल्पकाराच्या हातून उतरली. हे नाणे २० मिलिमीटर व्यासाचे असून त्याचे वजन २.८३ ग्रॅम आहे. भारतीय वाचकाने त्याची राजाची बाजूही नीट वाचावी. १९४८ पर्यंतच्या नाण्यांवर सहाव्या जॉर्जच्या नावापुढे ‘भारताचा सम्राट’ या अर्थाची लॅटिन अक्षरे आहेत आणि १९४९ पासून ती नाहीशी झालेली आहेत. एकाच रेन पक्ष्यामागे ही दोन वेगळी नाणी आहेत, तेव्हा दोन्ही घ्यावीत.

आयर्लंडने १९२८ मध्ये स्वतःची नाणी काढली तेव्हा निवड समितीचे अध्यक्षपद कवी डब्ल्यू. बी. येट्स यांच्याकडे होते आणि पर्सी मेटकाफ यांच्या रेखाटनांची निवड झाली. राजा, संत, पुढारी यांना बाजूला ठेवून शेतातील व रानातील प्राणी नाण्यांवर आणले गेले: पेनीवर पिल्लांसह कोंबडी आणि फार्दिंगवर उडता वुडकॉक. तोच वुडकॉक पुढे १९७० मध्ये दशमान पद्धतीच्या पन्नास पेन्सवर पुन्हा दिसतो. नाण्यावरील पक्ष्यांची शिल्पकला म्हणून पाहायचे झाल्यास या दोन नाण्यांच्या तोडीचे काम मला फार थोड्या ठिकाणी आढळले आहे. कोंबडीची पिसे, तिच्या पायांशी घुटमळणारी पिल्ले आणि भोवतालची मोकळी जागा यांचे प्रमाण पाहण्यासाठी तरी ती पेनी भिंगाखाली धरावी.

न्यूझीलंडच्या १९३३ पासूनच्या नाण्यांत फ्लोरिनवर, म्हणजे दोन शिलिंगच्या नाण्यावर, किवी आणि सहा पेन्सवर हुइया आहे. हुइयाची शेवटची खात्रीशीर नोंद १९०७ मधील आहे, म्हणजे नाण्यावर येण्याआधीच तो पक्षी नाहीसा झालेला होता. फ्लोरिन घेताना वर्ष पाहावे: १९४६ पर्यंतची नाणी निम्म्या चांदीची असून १९४७ पासूनची तांबे-निकेलची आहेत, आणि विक्रेत्याने दोन्हींना एकच भाव लावलेला असू शकतो.

कॅनडाच्या एक डॉलरवरील लून १९८७ मध्ये आला तो एका गोंधळातून. त्या नाण्यासाठी नावेतून जाणाऱ्या प्रवाशांचे जुनेच चित्र ठरले होते, पण १९८६ मध्ये ऑटावाहून विनिपेगला पाठवलेले मूळ साचे वाटेत गहाळ झाले. बनावट नाणी निघतील या भीतीने चित्रच बदलण्यात आले आणि रॉबर्ट-राल्फ कारमायकेल यांच्या रेखाटनातील लून पक्ष्याची निवड झाली. आज कॅनडात त्या नाण्याला सगळे ‘लूनी’च म्हणतात. त्याच देशाच्या १९६७ च्या शताब्दी मालिकेत एका सेंटवर पारवा व डॉलरवर कॅनडा हंस आहे. त्यांतील सेंट अगदी किरकोळ किमतीत मिळतो, डॉलर मात्र चांदीचा असल्याने महाग पडतो.

उरलेल्यांची यादी मोठी आहे आणि तिची घाई करू नये. दक्षिण आफ्रिकेच्या पाच सेंटवरील निळा क्रौंच, बर्म्युडाच्या पंचवीस सेंटवरील लांब शेपटीचा ट्रॉपिकबर्ड, फॉकलंड बेटांच्या एका पेनीवरील जेंटू पेंग्विन, कोलंबियाच्या दोनशे पेसोंवरील लाल मकाव आणि उरुग्वेच्या पाच पेसोंवरील ऱ्हीया ही सगळी चलनी नाणी असून सवडीने मिळत जातात.

तिसरी पायरी: नाणी मिळवावीत कुठून

सर्वांत चांगला मार्ग ओळखीच्या माणसांचा आहे. मुंबई-पुण्यापासून कोकणातल्या गावांपर्यंत क्वचितच एखादे घर असे असेल की ज्यातील कोणी जहाजावर, आखातात, युरोपात किंवा अमेरिकेत राहून आलेले नाही, आणि नोटा बदलून घेतल्या तरी चिल्लर बदलून मिळत नसल्यामुळे ती कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडून असते. दुसरा मार्ग बाजाराचा. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात परदेशी सुट्या नाण्यांचे ढीग असतात. ढिगातून स्वतः निवडण्याची मुभा मागावी आणि ढिगाचा भाव आधी ठरवून घ्यावा, कारण आपण एखादे नाणे वेगळे काढून न्याहाळू लागलो की त्याची किंमत वाढते. नाण्यांची प्रदर्शने मुंबई, पुणे, नाशिक अशा शहरांत भरत असतात. तेथे भाव थोडे अधिक असले तरी विक्रेता जाणकार असतो आणि प्रश्न विचारता येतात. संगणकावरून खरेदी करायची असेल तर नाण्याच्या दोन्ही बाजूंची खरी छायाचित्रे मागावीत. नमुन्याचे चित्र दाखवून कुठलेही नाणे पाठवणाऱ्याकडून घेऊ नये.

याच ठिकाणी एक इशारा द्यायला हवा. जुने नाणे लाखोंना विकले जाईल, फक्त आधी काही रक्कम भरा, असे सांगणारे संदेश व जाहिराती फिरत असतात आणि काही ठकसेन त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नावही वापरतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये निवेदन काढून स्पष्ट केले की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणतेही शुल्क घेत नाही. नाणे विकण्यासाठी आपणच पैसे भरायचे असतील तर तो व्यवहार तेथेच सोडावा.

परदेशी नाणी घरात ठेवणे कायद्याला धरून आहे का, असेही अनेकजण विचारतात. परकीय चलनविषयक नियमांनुसार भारतात कोणालाही परदेशी नाणी कितीही बाळगता येतात. मर्यादा आहे ती नोटांना. परदेशातून टपालाने मागवलेल्या नाण्यांवर मात्र सीमाशुल्क लागू शकते, म्हणून मोठी मागणी नोंदवण्यापूर्वी त्या वेळचा दर पाहून घ्यावा.

चौथी पायरी: नाणे वाचायला शिका

नाणे हातात आल्यावर देश, दर्शनी मूल्य, वर्ष, धातू, व्यास आणि वजन या सहा गोष्टी निश्चित कराव्यात. यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा आणि व्हर्नियर कॅलिपर एवढी साधने पुरतात. वजनाचे महत्त्व लूनीवरून लगेच पटते: १९८७ पासूनचे नाणे ७ ग्रॅमचे होते, तर २०१२ मध्ये पोलादी गाभ्याचे नाणे आले ते ६.२७ ग्रॅमचे आहे. पक्षी तोच, व्यासही जवळपास तोच, पण संग्रहात ही दोन स्वतंत्र नाणी ठरतात.

वर्ष वाचताना नेहमीच्या इसवी सनाची अपेक्षा धरू नये. थायलंडच्या नाण्यांवर बौद्ध संवत असतो. त्यातून ५४३ वजा करावेत, म्हणजे गरुड असलेल्या पाच बाथवरील २५१५ हे वर्ष १९७२ ठरते. जपानच्या शोवा कालगणनेत १९२५ मिळवावेत, म्हणजे फिनिक्स असलेल्या शंभर येनवरील ३२ हे १९५७ होय. चिनी प्रजासत्ताकाच्या, म्हणजे १९१२ ते १९४९ च्या चीनच्या आणि त्यानंतर तैवानच्या, नाण्यांत १९११ मिळवावेत. ब्रह्मदेशाच्या राजा मिंडॉनच्या, पिसारा फुलवलेल्या मोराच्या चांदीच्या नाण्यावरील १२१४ हे वर्ष १८५२ शी जुळते, आणि ते नाणी पाडल्याचे वर्ष नसून त्याच्या राज्यारोहणाच्या सुमाराचे आहे.

नाणे ओळखण्यासाठी नुमिस्टा ही विनामूल्य ऑनलाइन यादी सर्वांत सोयीची आहे. तीत देश, मूल्य आणि चित्रविषय यांनुसार शोध घेता येतो. विक्रेते ज्यांना केएम क्रमांक म्हणतात ते क्राउझ व मिश्लर यांच्या सूचीतील क्रमांक असतात आणि तेही त्या यादीत दिलेले असतात. तो क्रमांक लिहून ठेवला की जगातील कुठल्याही विक्रेत्याशी बोलताना घोटाळा होत नाही.

पाचवी पायरी: पक्षी ओळखा

माझ्या मते या छंदाचा गाभा येथे आहे आणि बहुतेक संग्राहक नेमके येथेच घाईने पुढे जातात. वहीत ‘क्रोएशिया, पक्षी’ एवढेच लिहून भागत नाही. क्रोएशियाने स्वतःच्या चलनात ही ओळख मुद्दाम सोपी करून ठेवली होती. २०२२ अखेरपर्यंत चालणाऱ्या एक कुनाच्या नाण्यावर नाइटिंगेल असून विषम वर्षांच्या नाण्यांवर त्याचे क्रोएशियन नाव स्लावुय आणि सम वर्षांच्या नाण्यांवर शास्त्रीय नाव लुसिनिया मेगारिंकोस कोरलेले असते. म्हणजे एका पक्ष्याची किमान दोन नाणी संग्रहात हवीत.

शास्त्रीय नाव कोरण्यात धोकाही असतो. फिलिपीन्सच्या १९८३ च्या पन्नास सेंटिमोंवर तेथील प्रसिद्ध गरुड आहे. त्याच्या पिथेकोफागा या नावात एक अक्षर चुकून काही नाणी ‘पिथेकोभागा’ अशी निघाली आणि नंतर चूक सुधारण्यात आली. चुकीचे आणि बरोबर अशी दोन्ही नाणी शेजारी ठेवता येतात आणि त्यासाठी फार खर्चही येत नाही. विक्रेत्यांच्या ढिगात ही जोडी शोधणे हा नवख्यासाठी उत्तम सराव आहे, कारण त्यामुळे चित्राबरोबर अक्षरे वाचण्याची सवय लागते.

नाव कोरलेले नसेल तर चोच, पाय, शेपटीची लांबी, तुरा आणि बसण्याची ढब पाहून अंदाज बांधावा आणि नंतर त्या देशाच्या पक्ष्यांच्या यादीशी ताडून पाहावे. पण नाण्यावरील पक्षी त्या देशाचा मूळ रहिवासी असेलच असे नाही. त्रिनिदाद व टोबॅगोच्या पाच सेंटवर चक्क न्यू गिनीकडचा स्वर्गीय पक्षी आहे. विल्यम इन्ग्रॅम यांनी १९०९ मध्ये हे पक्षी जहाजाने आणून लिटल टोबॅगो या छोट्या बेटावर सोडले होते. तेथे आता ते उरलेले नाहीत, नाण्यावर मात्र आहेत.

याउलट एखादा पक्षी अनपेक्षितपणे आपल्या परिसरातला निघतो. माल्टाच्या १९८६ च्या एक लिरावरील पक्षी म्हणजे निळा शैलकस्तूर. तो त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे, आणि हिवाळ्यात सह्याद्रीतील गडांच्या तटबंदीवर एकटाच बसलेला हाच पक्षी अनेक दुर्गप्रेमींनी पाहिलेला असतो. नोंद करताना मराठी नाव आवर्जून लिहावे, पण त्याच्याबरोबर शास्त्रीय नावही असावे, कारण एकाच पक्ष्याला कोकणात, देशावर आणि विदर्भात वेगवेगळी नावे असतात. लायरबर्ड, हुइया, लून यांसारख्या पक्ष्यांना रूढ मराठी नाव नाही. तेथे ओढूनताणून नाव तयार करण्यापेक्षा मूळ नावच देवनागरीत लिहावे.

सहावी पायरी: अवस्था पाहा आणि नाणे घासू नका

नाण्याची किंमत त्याच्या झिजेवर ठरते. अजिबात न वापरलेल्या नाण्याला यूएनसी (अनसर्क्युलेटेड) म्हणतात आणि त्याखाली एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), व्हीएफ (व्हेरी फाइन), एफ (फाइन) अशा उतरत्या श्रेणी असतात. पक्ष्यांच्या नाण्यांत झीज तपासणे तुलनेने सोपे आहे, कारण चित्रातील सर्वांत उंच भाग बहुधा पक्ष्याची छाती किंवा पंखाचा वरचा भाग असतो आणि पिसांच्या रेघा आधी तेथूनच पुसल्या जातात. किवीच्या फ्लोरिनवर अंगावरील केसांसारखी पिसे स्वच्छ दिसत असतील तर नाणे चांगले. पाठ गुळगुळीत झाली असेल तर त्याला उत्तम अवस्थेची किंमत देऊ नये.

चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट किंवा तांब्या-पितळेची भांडी घासण्याची पावडर यांतील काहीही नाण्याला लावू नये. काळपट पडलेले काशाचे नाणे घासून लखलखीत केले की त्याचे मोल संपते, कारण वरचा थर एकदा निघाला की तो परत आणता येत नाही. माती चिकटली असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून, न चोळता, मऊ कापडावर टिपावे. चिकट हिरवट थर असेल तर शुद्ध ॲसिटोनचा उपयोग होतो. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात इतर पदार्थ मिसळलेले असल्याने तो वापरू नये, आणि ॲसिटोन ज्वालाग्राही असल्याने हे काम खिडकी उघडी ठेवून, विस्तवापासून दूर करावे.

सातवी पायरी: साठवण

आपल्या हवेत, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्यात, नाण्यांचा खरा शत्रू पावसाळा आहे. ॲल्युमिनियमच्या नाण्यांवर खाऱ्या दमट हवेने पांढरे डाग पडतात, काशाच्या नाण्यांवर हिरवे. स्वस्त अल्बमची मऊ, वास येणारी पाने पीव्हीसीची असतात आणि त्यांतून सुटणारी रसायने धातूवर तो चिकट हिरवा थर आणतात, म्हणून पाने पॉलिप्रॉपिलीनची आहेत का हे विचारून घ्यावीत. आत पारदर्शक मायलर असलेले पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर सर्वांत सोयीचे पडतात. त्यांवर नाण्याची माहिती लिहिता येते. स्टेपलच्या पिना चपट्या दाबून घ्याव्यात, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे उठतात. रबरबँडमधील गंधकाने चांदी काळी पडते. नव्या प्लायवुडच्या कपाटापेक्षा पत्र्याचा हवाबंद डबा बरा, आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पावसाळ्यात त्या अधूनमधून बदलाव्यात. नाणे नेहमी कडेने धरावे.

आठवी पायरी: चांदी, प्राचीन नाणी आणि कायदा

पहिला अल्बम भरेपर्यंत महागड्या नाण्यांकडे वळू नये, कारण जी पक्ष्यांची नाणी सर्वांत प्रसिद्ध आहेत त्यांच्याच नकला सर्वाधिक निघतात. चीनचा १९३२ चा चांदीचा डॉलर हे त्याचे ठळक उदाहरण. त्यावर शिडाचे जहाज, उगवता सूर्य आणि वर उडणारे तीन पक्षी होते. जपानी आक्रमणाच्या त्या दिवसांत सूर्य जपानचा आणि पक्षी म्हणजे विमाने असा अर्थ लोकांनी काढला, आणि १९३३ पासूनच्या नाण्यांतून दोन्ही गाळण्यात आले. त्यामुळे पक्षी असलेला डॉलर दुर्मीळ झाला आणि नकलांचा सुळसुळाट झाला. खऱ्या नाण्याचे वजन २६.७ ग्रॅमच्या आसपास असते. लोहचुंबकाला चिकटणारे किंवा वजनात दीड-दोन ग्रॅमचा फरक असणारे नाणे सरळ परत करावे, आणि वजन जुळले तरी जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नये. जर्मन न्यू गिनीच्या १८९४ च्या स्वर्गीय पक्ष्याच्या नाण्यांबाबतही हीच काळजी घ्यावी.

प्राचीन नाण्यांत अथेन्सचे घुबड सर्वांना हवे असते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील त्या चांदीच्या चार द्राख्मांच्या नाण्याचे वजन सुमारे १७.२ ग्रॅम आहे. एका बाजूला अथेना देवी आणि दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी, चंद्रकोर व नगराच्या नावाची तीन अक्षरे असतात. पर्यटकांसाठी केलेल्या त्याच्या प्रतिकृती जगभर पसरल्या आहेत. आपल्याकडे मोराचा मान गुप्त सम्राट पहिल्या कुमारगुप्ताच्या नाण्यांना आहे. त्याच्या एका सुवर्णनाण्यावर राजा मोराला खाऊ घालताना दिसतो आणि मागे मोरावर बसलेला कार्तिकेय आहे. मध्य भारतात चालणाऱ्या त्याच्या चांदीच्या नाण्यांवरही पिसारा फुलवलेला मोर आहे. विजयनगरच्या अच्युतरायाच्या सोन्याच्या वराहावरील, हत्ती उचलणारा दुतोंडी गंडभेरुंड हाही आपल्याच दक्षिणेतला. ही नाणी विकत घेण्याआधी पाहावीत. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय त्यासाठी एक दिवस काढून जाण्यासारखे आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते भारताबाहेर नेता येत नाही. सुट्टीत घरी आलेल्या परदेशस्थ नातेवाइकाला भेट म्हणून जुने नाणे देणाऱ्यांना हे बहुधा माहीत नसते. दुसरे, जमिनीत सापडलेल्या धनाबद्दल १८७८ चा कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शेतात सापडले असे सांगून कोणी नाणी विकू लागला तर ती खरी असोत वा खोटी, हात लावू नये.

नववी पायरी: नोंदवही आणि अदलाबदल

प्रत्येक नाण्याला क्रमांक द्यावा आणि वहीत किंवा संगणकावरील तक्त्यात देश, मूल्य, वर्ष, सूचीक्रमांक, धातू, वजन, अवस्था, पक्ष्याचे मराठी, इंग्रजी व शास्त्रीय नाव, नाणे कोणाकडून, कधी व कितीला आले हे लिहावे. रकाने कंटाळवाणे वाटतात, पण खरेदीची किंमत आणि स्रोत हे दोन रकाने सोडले तर पुढे विकताना किंवा विम्यासाठी काहीच हाती राहत नाही. मांडणी देशांनुसार करावी की पक्ष्यांच्या कुळांनुसार, हा रुचीचा प्रश्न आहे. मला कुळांनुसार केलेली मांडणी अधिक आवडते, कारण तीत अथेन्सपासून निघालेले ग्रीसचे घुबड आणि स्लोव्हेनियाच्या जुन्या वीस स्टोटिनांवरील लांब कानांचे घुबड एका पानावर येतात.

एकाच प्रकारची जादा नाणी जमली की अदलाबदल सुरू करावी. नुमिस्टावर सदस्यांना आपली जादा नाणी नोंदवून जगभरातील इतरांशी अदलाबदल ठरवता येते. तेथे पहिले व्यवहार लहान ठेवावेत, समोरच्याबद्दल इतरांनी दिलेले अभिप्राय वाचावेत आणि पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकमेकांना दाखवावीत. अनेक देशांत साध्या पत्रातून नाणी पाठवायला मनाई असते, म्हणून टपालखात्यात आधी नियम विचारावा. परवानगी असेल तेथे नाणी पुठ्ठ्यात चिकटपट्टीने घट्ट बसवूनच पाकिटात घालावीत, कारण आत खुळखुळणारे पाकीट वाटेत फाटते किंवा उघडले जाते.